एका नावाच्या दोघी

माझी आत्या मरेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिली. ती बिलोलीला दिलेली, पण मुक्काम बहुतेक आमच्याकडं नांदेडलाच. घरात पाहुणा आला, पाणी देऊन झालं, की माझ्याकडं बोट करून ती म्हणायची, "ही पोरगी लई थंड रक्ताची हाय. सख्ख्या आईला वर्साच्या आत विसरली." मग तो पाहुणा समजूतदारपणे मान हलवायचा आणि म्हणायचा, "लहान होती हो. काळ सगळं पुसून टाकतो."

काळ! म्हणजे कुणाच्याच अंगाला काही लागायला नको. आई गेली तेव्हा मला सातवं सरून आठवं लागलं होतं. त्याच्या आधीचं मला किती तरी आठवतं. आमच्या गल्लीतल्या कुंभाराची एका डोळ्यानं आंधळी शेळी आठवते. विहिरीच्या रहाटाची कुरकुर आठवते. देवी टोचायला आलेल्या माणसाचा हिरवा फेटा आठवतो, आणि मी त्याला चावले होते तेही आठवतं. हे सगळं शाबूत, आणि आईच तेवढी नाही. काळाला शेळीचा लळा होता नि माझ्या आईशी वैर होतं, असं समजायचं का मी?

माझ्या आईला काळानं पुसलेलं नाही. माणसांनी तिच्या जागी, नेमकी तिच्याच जागी, दुसरी बाई आणून उभी केली, म्हणून ती दिसेनाशी झाली. एवढं साधं होतं ते. आणि दोष मात्र माझ्या रक्ताला.

वडील नांदेडला तालुकदाराच्या कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. निजामी अंमल. कचेरीचं कामकाज उर्दूत, घरात मराठी. आई उमरीची. श्रावणात तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. माघात वडिलांचं दुसरं लग्न झालं. नवी आली ती लातूरची, सोळा वर्षांची. माझ्यात नि तिच्यात जेमतेम आठ-नऊ वर्षांचं अंतर.

आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायचं. ते कोणतं लिहायचं ही खरं तर हौसेची गोष्ट. पण आत्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. पहिलीचंच नाव दुसरीला ठेवायचं. म्हणजे गेलेलीला वाटतं आपला मान राहिला आणि ती त्रास देत नाही, असा समज. त्याला जोड म्हणून आत्याचा व्यवहारही होता. "सगळ्या भांड्यांवर तेच नाव घातलेलं हाय. आता कुठं पुन्हा घालत बसायचं?" भांड्यांवरची अक्षरं शाबूत राहावीत म्हणून एका जिवंत मुलीचं नाव खोडलं, आणि कुणाला त्यात काही वाटलं नाही. लातूरच्या माणसांनीही मुलीला तांब्या दिला तो आत्यानं कळवलेल्या नावाचा. माहेरातून निघायच्या आधीच ती पुसली गेली होती.

नाव झालं, आता टाक. दुसरेपणावर दिलेल्या बायकोनं गळ्यात सवतीचा टाक घालायचा असतो. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर बाई. ती बाई म्हणजे माझी आई. रोज सकाळी अंघोळ झाली की आधी त्या टाकाला हळदकुंकू, मग स्वतःच्या कपाळाला. नवं लुगडं आलं तर त्याचा पदर आधी टाकाला लावायचा, मग नेसायचं. लुगडी तरी नवी कुठली? आईचीच होती. आईचंच पातेलं, आईचंच जातं, परसातला आईचाच धुण्याचा दगड.

आता सांगते, विसरणं कसं घडतं. पहिले काही महिने आत्यानं ओसरीतून त्या नावानं हाक मारली की मी दाराकडं बघायची, आणि मला आई येईल असं वाटायचं. यायची ती दुसरी. पुन्हा हाक, पुन्हा दुसरी. तेच लुगडं, तोच लगबगीनं पुसलेला हात, "आले वन्सं" हे तेच उत्तर. शंभर वेळा असं झाल्यावर एकदा हाक आली आणि मी दाराकडं बघितलं, तेव्हा मी आईची वाट बघतच नव्हते. माझ्या डोळ्यासमोर जी येणार होती तीच आली. त्या दिवशी माझी आई मेली. श्रावणात नव्हे.

हे मला तेव्हा असं सांगता आलं नसतं. पण त्याच सुमारास माझ्या पाढ्यांचं जे झालं त्यावरून मला ते उमगलं. संध्याकाळी दिवा लागला की वडील मला परवचा म्हणायला बसवायचे. दहापर्यंतचे पाढे, तिथी, नक्षत्रं, मग देवाची स्तोत्रं. पाढे मला खडाखडा येत. मग मुलींच्या सरकारी मदरशात नाव घातलं आणि तेच पाढे उर्दूत सुरू झाले. सात दुणे चौदा होते ते सात दूनी चौदा झाले. महिना-दोन महिन्यांत माझा असा काला झाला की विचारू नका. उस्तानीनं, म्हणजे मास्तरणीनं, विचारावं, मी "सात सक" म्हणून सुरुवात करावी आणि पुढं थांबून राहावं. घरी वडिलांनी "सात सत्ते?" म्हणावं आणि मी "उनचास" म्हणावं. एकोणपन्नास हा शब्द जिभेवर येईचना. तो कुठं गेला नव्हता. उनचास त्याच्या दारात आडवा पडला होता.

उस्तानी म्हणाली, "इस छोकरी का दिमाग छन्नी है, छन्नी." वडिलांनी एक चापट दिली. आत्यानं लगेच निकाल दिला, "आईला विसरली, पाढ्यांचं काय घेऊन बसलात." पण त्याच तोंडानं मी स्तोत्रं एक अक्षर न चुकता म्हणत होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. डोकं चाळणी असतं तर स्तोत्रंही गळाली असती की नाही? ती गळाली नाहीत, कारण त्यांच्यावर कुणी दुसरं काही बसवलं नव्हतं. पाटी न पुसता तिच्यावरच दुसरं लिहिलं की आधीचंही वाचता येत नाही नि नंतरचंही धड नाही. हे मला आठव्या वर्षी कळलं होतं. परवा माझी नात कॉलेजात शिकून आली आणि मला सांगायला लागली की आजी, एकसारख्या आठवणी एकमेकींच्या आड येतात, त्याला शास्त्रात आधार आहे. म्हटलं, बरं झालं बाई, शास्त्राला उशिरा का होईना कळलं.

एक आठवण मात्र मी वाचवली होती. निदान मला तसं वाटत होतं.

गोदावरीचा घाट. ऊन रणरणतं. मी सर्वांत खालच्या पायरीवर शेवाळावरून घसरले आणि पाण्यात गेले. नाकातोंडात पाणी. मग माझी वेणी कुणीतरी गच्च धरली आणि मला वर ओढलं. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. मला छातीशी इतकं आवळलं की डाव्या भुवईवर काहीतरी खचकन टोचलं आणि रक्त आलं. मग तिनं मला पाठीत दोन धपाटे घातले. मग ती पायरीवर बसून हुंदके देऊन रडली. मग पदराची गाठ सोडून मला ओले फुटाणे दिले आणि म्हणाली, "घरी कुणाला सांगू नकोस हं. माझी शपथ हाय."

ही माझी आई. मी शपथ पाळली, कुणाला सांगितलं नाही. मनात मात्र रोज काढून बघायची. नव्या आईनं केस ओढून विंचरले, ताटात भाजी टाकली म्हणून रागावली, की मी ते फुटाणे आठवायची. मी तिला आई म्हणत नव्हते. काहीच म्हणत नव्हते. फारच गरज पडली तर "ऐकलं का" म्हणायची. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि मला तो तिचा लबाडपणा वाटायचा.

मी अकरा वर्षांची असतानाची अविधवा नवमी. पितृपक्षातली ही नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी गेलेलीच्या नावानं सवाष्णीला जेवू घालतात. माझ्या आईच्या नावचा सगळा स्वयंपाक नव्या आईनंच रांधला होता. आत्या पंगतीत बसली होती आणि नेहमीचं पुराण सुरू होतं, की ह्या पोरीला आईचं काही म्हणजे काही आठवत न्हाई, खीर चापून खाऊन राहिली बघा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शपथबिपथ मोडून मी ओरडले, "आठवतं मला! मी बुडत होते तेव्हा माझी आई गोदावरीत उतरली होती. मला वेणीला धरून तिनं वर काढलं." आणि खीर वाढणाऱ्या नवीकडं बघून म्हटलं, "तुम्ही काय केलंय माझ्यासाठी?"

तिच्या हातातला डाव तसाच थांबला. वडील माझ्याकडं बघत राहिले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आत्या म्हणाली, "घ्या, एवढं तरी ध्यानात राहिलं म्हणायचं." नवीनं खाली बघितलं आणि हळूच म्हणाली, "खरं हाय. तिनंच वाचवलं तुला. खीर घे अजून." मला जिंकल्यासारखं वाटलं. त्या खिरीची चव मला आजही लाज आणते.

माझं लग्न ठरलं ते लातूरचं. घर नवीच्याच माहेरच्या ओळखीतलं, म्हणून लग्न तिच्या माहेरी उरकायचं ठरलं. नांदेडाहून सरकारी मोटारीनं आणि पुढं छकड्यातून आम्ही तिथं पोचलो. गंजगोलाईच्या मागं तिच्या भावाचं दोन खणांचं घर. तिची म्हातारी आई मागच्या अंगणात ज्वारी पाखडत होती. लेक आल्याचं कळताच तिनं तिथूनच हाक मारली. मी कधी न ऐकलेल्या नावानं.

नवी माझ्या शेजारी गाठोडं सोडत होती. ती हलली नाही. म्हातारीनं दुसरी हाक मारली. तरी हिचं लक्ष नाही, मला म्हणते कशी, "कुणाला बोलावून राहिली गं आई?" तिसऱ्या हाकेला तिचा हात थांबला. ती वळली, आणि मग हसली. "अगं बाई, मीच की." ते हसू मला बघवलं नाही. मी त्या घराला आयुष्यभर दोष देत आले होते की माझी आई माझ्यापासून लपवली. हिची तर हीच लपवली होती. आईच्या हाकेला ओ द्यायला जिला तीन हाका लागतात, तिला थंड रक्ताची म्हणायला आत्या तिथं नव्हती. ते नाव मी तोंडातल्या तोंडात दोन वेळा म्हटलं. छान होतं. तिला शोभणारं होतं.

दुसऱ्या दिवशी देवक बसायचं म्हणून दागिने घासायला काढले. नवीनं गळ्यातला टाक काढून माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत मी त्याला प्रथमच हात लावत होते. रिठ्याच्या पाण्यानं घासताना दिसलं, की त्याचा खालचा एक कोपरा आत मुडपला आहे.

"हा कशानं वाकला?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तुझ्या कपाळानं."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करते आहे. मग तिनं ओला हात पुढं करून माझ्या डाव्या भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवलं, आणि मला पुढं काही विचारावं लागलं नाही. टाक माझ्या आईच्या गळ्यात नव्हता. असणार कसा? टाकातली बाईच माझी आई होती. टाक दुसरीच घालते.

मग ती बोलली, खाली बघत, एकेक दागिना घासत. तिला नांदेडला येऊन तीन महिने झाले होते. धुणं घेऊन घाटावर गेली होती, मी बरोबर. "लातूरची मी. हिरीपलीकडं पाणी बघितलं न्हवतं कधी. तुझी वेणी दिसली नि उतरले. पाय टेकले म्हणून आपण दोघी हाव." रडली का, तर भीतीनं. सावत्र आईनं तीन महिन्यांत पोर पाण्यात घातली, असंच म्हणाले असते सगळे. म्हणून शपथ. म्हणून फुटाणे.

"मग त्या नवमीला खरं का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुझ्यापाशी तिचं तेवढंच होतं," ती म्हणाली. "ते बी काढून घेऊ का?"

मी परसात जाऊन रडले. कुणासाठी रडले ते नीट सांगता येणार नाही. माझी आई माझ्याकडून आता पुरती गेली होती, तिचा एक क्षणही शिल्लक उरला नव्हता. आणि जिनं मला पाण्यातून काढलं तिला मी आठ वर्षं तिच्याच उपकाराचा दगड करून मारत आले होते. आणि हे सगळं का, तर भांड्यांवरची नावं पुन्हा घालायला नकोत! मला त्या घरातली एकेक कळशी नेऊन गोदावरीत टाकावीशी वाटली.

टाकली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी तांदळाचं ताट आलं, सासरच्यांनी त्यावर माझं नवं नाव लिहिलं, आणि मी खाली मान घालून बसले. नवीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती.

निघताना तिच्या पाया पडले तेव्हाही मी तिला आई म्हटलं नाही. आठ वर्षांची सवय. पुढच्या खेपेला म्हणू, असं प्रत्येक खेपेला म्हणत राहिले. सात वर्षांनी ती तापानं गेली. नांदेडची वाट तेव्हा धोक्याची झाली होती, रझाकारांचे दिवस, मोटारी बंद पडत. मी पोचले तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

त्या वर्षीच्या अविधवा नवमीला मी हट्टानं गेले. वडील वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर आलेले, थकलेले. आत्या होतीच. गुरुजींनी विचारलं, कुणाकुणाचं? वडिलांनी सांगितलं, दोघींचं. गुरुजी म्हणाले, "दोघींचं नाव एक, गोत्र एक. एकदा उच्चार केला की दोघींना पोचतं. एकच पान मांडा." वडिलांनी मान हलवली. आत्या म्हणाली, "तेच बरं. सवाष्णी तरी दोन दोन कुठून आणायच्या?"

तेच बरं! जिवंतपणी एका नावात दोघींना कोंबलं, आता मेल्यावर एका पानावर जेवा म्हणायचं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हटलं, "दुसरं पान मांडा. तिचं नाव वेगळं होतं."

"मंग सांग," वडील म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि माझ्या आईचं नाव बाहेर पडलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. लातूरचं अंगण डोळ्यासमोर उभं होतं, पाखडलेल्या ज्वारीचा भुसा दिसत होता, म्हातारीच्या तीन हाका मी मोजू शकत होते, पण त्या हाकांत जे नाव होतं तिथं हेच येऊन बसत होतं. मी वडिलांकडं बघितलं. ते म्हणाले, "लग्नात एकदा ऐकलं होतं. पुन्हा कुणी म्हटलंच न्हाई." लातूरची म्हातारी तिच्याआधीच गेली होती. भाऊ घरदार सोडून सोलापूरकडं निघून गेला होता. ते नाव जिच्यापाशी राहिलं होतं अशी मी एकटीच, आणि मीही ते घालवून बसले होते. आत्या तेवढ्यात काहीतरी पुटपुटली. बहुतेक माझ्या रक्ताबद्दलच.

मी स्वतःच पाट ओढला, स्वतःच केळीचं दुसरं पान मांडलं आणि मीठ वाढलं.

गुरुजी कंटाळून म्हणाले, "अहो, पण कुणाच्या नावानं? हे पहिलं पान कुणाचं?"

"माझ्या आईचं," मी म्हटलं.

"आणि हे दुसरं?"

"तेही माझ्या आईचंच."

सवाष्ण शोधायची गरज पडली नाही. त्या पानावर मीच बसले.